आरमारावर टाके कोण घालत होतं?

आम्ही ज्यांना बोटवाले म्हणायचो ते गृहस्थ माणसाच्या तोंडाकडं आधी बघत नसत. आधी बाहीकडं बघत. पोलीस असो, बसचा कंडक्टर असो, नाहीतर वरातीतला बँडवाला असो. बाहीवर पट्ट्या किती, रंग कुठला, बटण पितळी का प्लास्टिकचं, हे सगळं बघून झालं की मग नजर वर जायची आणि मग रामराम. माझी त्यांची ओळखही बाहीवरनंच झाली.

मी शिंपी. शाळा चौथीपर्यंत, त्यानंतर मशीन. कोल्हापुरात बँडपार्ट्या पुष्कळ आणि त्यांचे कपडे शिवण्यावर माझं निम्मं घर चाललं. बँडवाल्याला चकाकतं लागतं. एका पार्टीच्या बाह्यांवर मी सोनेरी पट्ट्या लावल्या आणि दोन पट्ट्यांच्या मधी लाल कापड भरलं, लांबनं उठून दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी एक उंच, वाळका माणूस सायकल भिंतीला लावून दुकानात शिरला.

"मास्तर, त्या बँडच्या बाह्या तुम्ही शिवल्या?"

"व्हय. उसवल्या का?"

"उसवल्या न्हाईत. पर तुम्ही क्लॅरिनेटवाल्याला आरमाराचा डॉक्टर केलाय."

मग बसून त्यांनी समजावलं. नेव्हीच्या साहेबांच्या बाहीवर सोनेरी पट्ट्या असतात, आणि त्या पट्ट्यांच्या मधी लाल असेल तर तो डॉक्टर. लढाईच्या गडबडीत तोंड बघायला कुणाला वेळ नसतो, बाही बघून हाक मारतात. बँडचा मालक तिथंच उधारीचं बोलायला बसला होता. तो म्हणाला, "मग मी वरातीत कुणाला औषध देऊ, पावणं?" हे म्हणाले, "नवऱ्यामुलाला. त्येलाच गरज असती." मी कात्री घेऊन लाल कापड काढायला निघालो तर त्यांनीच माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. कोल्हापुरात मला दुसरा कुठला आरमारी डॉक्टर दिसणार हाय?"

ते स्वतः डॉक्टर नव्हते. बोटीवरच्या दवाखान्यात मलमपट्टीचे गडी होते. मूळ राधानगरीच्या वरच्या अंगाचे. भरती व्हायच्या आधी धरणाचं पाणी हेच त्यांनी बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी. नोकरी संपल्यावर कळंब्याला दोन खोल्या घेतल्या आणि एकटे राहिले. लग्न का केलं नाही असं विचारलं की म्हणत, "बोट लागायची तवा पोरगी नसायची, पोरगी असायची तवा बोट सुटायची." नाव चांगलं होतं, पण पेठेत सगळे बोटवालेच म्हणत. लहान पोरं विचारायची, लढाईत किती मारले? ते म्हणत, "आम्ही खालच्या मजल्यावर. मी लढाई बघितली न्हाय बाबा, ऐकली. वरनं कोण कसा खाली आणत्यात, त्यावरनं वर काय चाललंय ते कळायचं."

त्यांची एक खोड मला फार दिवस कळली नाही. एखादी गोष्ट ठाऊक नसली की हा माणूस खूश व्हायचा. खलाशाच्या विजारी खाली एवढ्या रुंद का, असं मी शिंपी म्हणून एकदा विचारलं. म्हणाले, "कोण म्हणतं डेक धुताना वर गुंडाळायला. कोण म्हणतं पाण्यात पडलं तर बुटासकट काढता याव्यात म्हणून. मी आमच्या एका जुन्या खलाशाला विचारलं, तू पडून बघितलंस का? तर माझ्याशी आठवडाभर बोलला न्हाय." एवढं सांगून हात चोळायचे. "खरं काय ते ठाऊकच न्हाय, मास्तर. बघा की काय मजा."

आमची ही, म्हणजे माझी बायको, दुकानाच्या मागच्या खोलीत काजं-बटणं करायची आणि सगळं ऐकायची. एकदा बोटवाल्यांनी सांगितलं, खलाशाच्या गळ्यातला काळा रुमाल इंग्रजांच्या कुठल्या मोठ्या सेनापतीच्या दुखवट्याचा, असं लोक सांगतात. पण ते खोटं, तो रुमाल त्याच्या आधीपासनं घाम पुसायला होता. तर ही आतनं म्हणाली, "खोटं असलं तरी चांगलं हाय की, भावजी. घामाचं कशाला सांगत फिरताय?" त्या दिवसापासनं ते माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलायला लागले. मी मशीन मारायचो.

त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. इंग्रजांच्या बोटीवर डॉक्टर असायचा, त्याची करवत, त्याच्या बाटल्या, सगळं लिहून ठेवलेलं आहे. त्याच्या हाताखालचा पोऱ्या आजाऱ्यांना पेज वाढायचा, म्हणून त्याला पेजेच्याच नावानं हाक मारायचे. "माझं खातं ते," बोटवाले सांगत. "मी पेजवाला." पण आपल्या आरमाराचं काय? मालवणचा किल्ला एके काळी कोल्हापूरच्या गादीकडं होता, कोल्हापूरची गलबतं समुद्रावर लढत होती. तोफा कुणी ओतल्या, गलबत हाकणारा तांडेल कोण, हे सापडतं. पण गलबतावर माणसाचं पोट फाटलं, मांडी उघडी पडली, तर टाके कोण घालत होतं? वैद्य होता का? हजाम होता का? हे ते कुणालाही विचारत. भाजीवाल्याला विचारलेलं मी बघितलंय.

हिनं सुईत दोरा ओवता ओवता उत्तर दिलं. "वैद्य कशाला जाईल समुद्रात मरायला. शिडं शिवायला माणूस असंल न्हवं गलबतावर?"

"असणारच."

"मग त्यानंच शिवलं असंल. हातात सुई तो एकटाच."

बोटवाले उठून उभे राहिले. चहा तसाच राहिला. "वहिनी," म्हणाले, "हे माझ्या डोक्यात का आलं न्हाय?" ती म्हणाली, "तुमी शिंप्याच्या घरात उशिरा आलासा."

त्यानंतर ही आजारी पडली. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, औषधाचे पुढचे डोस द्यायचे तर वजन पडता कामा नये. खाल्लं तर औषध, नाही खाल्लं तर आमच्या हातात काही नाही. आणि ती खाईना. सगळ्याला गंजल्या लोखंडाची चव येते म्हणायची. मी तांबडा रस्सा केला, मऊ भात केला, शेजारणीकडनं घावन आणले. मला गोड बोलता येत नाही. "खातीस का मरतीस?" असं विचारायचो. ती भिंतीकडं तोंड करायची.

बोटवाले आले ते पितळी डब्यात कण्यांची पेज घेऊन. खा म्हणून म्हणालेच नाहीत. स्टुलावर डबा ठेवला आणि सुरू केलं. पूर्वी महिनोन् महिने बोट समुद्रात. खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, लहानपणची भरलेली जखम आपोआप परत उघडायची. लढाईपेक्षा ह्यानंच जास्त मेले. एका बोटीवरच्या डॉक्टरानं काय केलं, आजारी गड्यांच्या जोड्या लावल्या. एका जोडीला समुद्राचं पाणी, एकीला व्हिनेगर, एकीला संत्री-लिंबू. "कोण उठलं असंल, वहिनी?"

"लिंबूवालं," ती भिंतीकडनंच म्हणाली.

"बरोबर. मग सगळ्या आरमाराला लिंबू कधी द्यायला लागले?"

"लगीच."

"न्हाय. तो डॉक्टर मरून गेला तरी न्हाय. दुसरी पिढी आली."

ती वळली. "का वो?"

"सांगतो. आधी दोन चमचं घ्या."

"आधी सांगा."

"न्हाय."

तिनं घेतले. रागानं घेतले. आणि मग आरमाराच्या वरच्या साहेबांना ज्या शिव्या घातल्या, त्या मी इथं लिहीत नाही. डोळ्यापुढं माणसं मरत होती आणि हे कागद फिरवत बसले, हे तिला सोसेना. त्या रागात निम्मा डबा संपला. मला खरं सांगायचं तर बरंही वाटलं आणि आत कुठंतरी टोचलंही. इतक्या वर्षांचा संसार, आणि माझ्या हातचं नको, आरमाराच्या हातचं चालतंय.

मग ते रोजच यायला लागले. सायकलच्या दांड्याला डबा बांधून कळंब्याहून. कधी बोटीवरच्या झोळीत झोपायचं कसं ते, कधी लढाईच्या आधी डेकवर वाळू का टाकायचे ते. रक्तावरनं पाय घसरू नये म्हणून. ती विचारायची, वाळू नंतर कोण धुवायचं? ह्याला उत्तर नसायचं, मग दोघं खूश. वजन पडलं नाही. औषधाचा पुढचा डोस मिळाला, त्याच्या पुढचाही. डॉक्टर म्हणाले, काय खायला घालताय? मी म्हणालो, पेज. बाकीचं सांगून त्यांना पटलं नसतं.

पण गोष्टी संपत आल्या. एक दिवस दाराशी चपला घालताना बोटवाले हळूच म्हणाले, "मास्तर, माझी शिदोरी सरली." मी म्हणालो, "मग खोटं सांगा की. तिला काय कळतंय?" ते म्हणाले, "तिला कळतंय. आणि एकदा कळलं की ती चमचा घ्यायची न्हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी मालवणची बस धरली. तिचा प्रश्न घेऊन. शिडवाला शिवत होता का.

चार दिवसांनी आले ते रिकाम्या हातानं. मी दारातच अडवलं. "काय मिळालं न्हाय असं सांगू नका," मी म्हणालो. "ती तुमच्या वाटेकडं डोळं लावून बसलीया. खायची बंद हुईल." ते ऐकेनात. आत जाऊन बसले आणि सरळ बोलले, "वहिनी, कायबी मिळालं न्हाय. किल्ल्यावर विचारलं, बंदरात विचारलं. कुणालाच ठाऊक न्हाय."

मी डब्याचं झाकण लावायला हात पुढं केला. मग तिनं विचारलं, "कुठं कुठं बघायचं ऱ्हायलंय?" आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

म्हणून ते परत गेले. ह्या वेळेला उत्तरेकडच्या खाड्या धरून, विजयदुर्गाच्या बाजूला. आणि ते तिकडं असतानाच ही गेली. औषधानं जेवढं ओढता येत होतं तेवढं ओढलं होतं. त्या सकाळी शुद्धीवर होती. मला म्हणाली, "भावजी आलं का?" मी म्हणालो, वाटेत असतील. "काय मिळालं ते इचारून ठेवा," एवढंच म्हणाली.

ते पोचले तेव्हा माती झालेली, पाहुणे परतलेले. मी दुकानात फळीवर बसलो होतो. मशीनवर धूळ. पोटात दोन-तीन दिवस चहाशिवाय काही नव्हतं, कारण नको वाटत होतं. बोटवाले आत आले, तिची खोली बघून आले, आणि स्टोव्ह पेटवला. पेज केली. माझ्यापुढं ठेवली. मी हात लावला नाही.

शेवटी मीच म्हणालो, "तिनं इचारून ठेवायला सांगितलंय. काय मिळालं?"

"एका खाडीच्या काठाला एक घर हाय," ते म्हणाले. "पिढ्यान् पिढ्या शिडं शिवणारं. आता शिडं न्हाईत, मासेमारीची जाळी दुरुस्त करत्यात. त्यांच्यात एक सुई येगळी ठेवल्याली असती. त्या सुईनं कापड शिवायचं न्हाय, अशी रीत. दसऱ्याला बाकीच्या सुयांबरोबर पुजायची, आणि परत बांबूच्या नळीत घालायची."

"का?"

"म्हातारा म्हणाला, ठाऊक न्हाय. आज्ज्यानं सांगितलंतं."

"सुई कसली? सरळ का वाकडी?"

"बघितली न्हाय. नळी बघितली."

मग मात्र मी चिडलो. शिडाची सुई जाड आणि सरळ असते. कापडाला दोन्ही बाजूंनी हात पोचतो. मांडीला पलीकडनं हात घालता येतो का? तिथं वाकडीच सुई पाहिजे, एका बाजूनं जाऊन त्याच बाजूनं वर येणारी. एवढं शिंप्याच्या पोराला कळतं, आणि हा माणूस एवढ्या लांब जाऊन नळी बघून येतो. मी बोलत होतो, ते मान खाली घालून ऐकत होते, आणि कधी मी डबा उचलला आणि कधी खाल्लं ते मला कळलं नाही. त्यांनी फक्त आणखी वाढलं.

पाऊस उघडला की दोघांनी सुई बघायला जायचं ठरवलं होतं. पाऊस उघडायच्या आत ते झोपेत गेले. गावाकडनं पुतण्या आला. मी त्यांना नेव्हीची पांढरी कापडं घातली. घड्या त्यांनीच घालून ठेवल्या होत्या.

ह्या हिवाळ्यात मी एकटा गेलो. समुद्र पहिल्यांदाच बघितला. त्याबद्दल मला काही सांगता येत नाही, मोठा आहे. घर विचारत विचारत सापडलं. म्हातारा अंथरुणावर होता, पण सुनेनं बांबूची नळी आणली आणि माझ्या तळहातावर सुई ओतली. मी चष्मा वर करून बघितली. वाकडी होती. पडून, दबून वाकलेली नव्हे. तापवून, बेतानं, चंद्रकोरीसारखी वाकवलेली. गादीवालेही वाकडी सुई वापरतात, तेव्हा हा काही पुरावा नाही, बोटवाल्यांनी हेच सांगितलं असतं. मी सुई परत नळीत घातली. आता ज्यांना हे सांगायचं ती दोन्ही माणसं नाहीत, म्हणून तुम्हाला सांगितलं.