मुलीचं फ्रेंच दुकान आणि मी

छत्तीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्या छत्तीस वर्षांतले सांगण्यासारखे किस्से आठवायला बसलो तर तीन निघतात, आणि त्यातल्या दोनांत मी नाहीच. पण मुलीच्या कपड्यांच्या दुकानात एक वर्ष काय बसलो, किस्से आवरेनात! अडचण एवढीच, की बहुतेकांत हसं माझंच झालेलं आहे.

कुणाला न सांगण्याचं आणखी एक कारण होतं, ते आधीच कबूल करतो. केतकी माझी एकुलती एक मुलगी. एम.टेक. झालेली, ऐरोलीच्या एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती. गेल्या वर्षी ते सगळं सोडून तिने सीवूड्सला, मॉलच्या मागच्या गल्लीत, बायकांच्या कपड्यांचं दुकान काढलं. फ्रेंच धर्तीचे कपडे. ऑफिसला घालायचे, उन्हाळ्यात घालायचे आणि घरात आरामात बसताना घालायचे. मी तिला म्हणालो, "उत्तम!" त्याच संध्याकाळी नेरुळच्या बागेत, आमच्या नेहमीच्या बाकावर मोकाशींनी विचारलं, "काय प्रोफेसर, केतकी काय म्हणते?" मी म्हणालो, "मजेत. कंपनीतच आहे."

का म्हणालो? बाकावरच्या बाकीच्यांची मुलं कुठे कुठे मोठ्या पदांवर आहेत, आणि माझी मुलगी झगे विकते, हे तोंडातून निघेना. पुढे वर्षभर ती थाप सांभाळत बसलो. केतकीला हे कळू नये, एवढंच देवाकडे मागणं होतं. देव मानत नसूनही!

*

दुकानात मी बसावं हा केतकीचाच हट्ट. कारण तरुणपणी संशोधनासाठी मी दोन वर्षं फ्रान्समध्ये होतो. तिने इन्स्टाग्रामवर लिहूनच टाकलं, ‘बाबांच्या फ्रान्समधल्या दिवसांवरून सुचलेले कपडे.’

पहिल्याच आठवड्यात बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसातल्या अधिकारी बाई आल्या. बिनकॉलरचं जॅकेट आणि घोट्यापर्यंतची पँट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. मग वळून मला म्हणाल्या, "सर, तिकडे ऑफिसात बायका खरंच असं घालतात?"

मी ठामपणे म्हणालो, "अगदी असंच!"

खरं सांगू? मला काहीही माहीत नव्हतं. मी इतका बुजरा होतो की दोन वर्षांत एकाही फ्रेंच बाईकडे मान वर करून नीट पाहिलं नाही. प्रयोगशाळेत दोघी होत्या, पण त्या दिवसभर पांढऱ्या कोटात. संध्याकाळी त्या कोट काढायच्या, तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो.

पुढच्या आठवड्यात बाई तीन मैत्रिणींना घेऊन हजर! "आमच्या साहेबांनी विचारलं, ही कुठली नवीन फॅशन? मी सांगितलं, एका प्रोफेसरांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहे!"

त्या तिघींनाही मी तेच सांगितलं. सवय झाली की खोटं बोलतानाचा आवाज सुधारतो.

*

आमच्याकडे कटिंगला अनुसयाताई आहेत. तळवली गावच्या. शाळा सातवीपर्यंत, पण समोर उभ्या बाईला नुसतं बघून टेप न लावता माप सांगतात, आणि ते चुकत नाही. मला त्यांची भीती वाटते.

मे महिन्यासाठी केतकीने लिननचे ड्रेस काढले. बिनबाह्यांचे, हलके, आत अस्तर नाही. फ्रेंच उन्हाळी ड्रेस असाच हवा, असं तिचं म्हणणं.

एक तरुण मुलगी आली. तिला ड्रेस फार आवडला. तिने तो हँगरसकट उचलून ट्यूबलाइटसमोर धरला आणि म्हणाली, "आरपार दिसतं. अस्तर लावून द्याल?"

केतकीने मन घट्ट करून "हो" म्हटलं.

"आणि बाह्या? कोपरापर्यंत चालतील."

"हो."

"गळा जरा वर. आणि लांबी थोडी... आणि बाजूला दोन कट, म्हणजे खाली लेगिंग घालता येईल."

अनुसयाताई सगळं वहीत उतरवत होत्या. मुलगी गेल्यावर त्यांनी ड्रेस हातात घेऊन केतकीकडे बघितलं. "ताय, आता याला तिकडचा व्हिसा नाय मिळनार!"

*

घरात बसायच्या कपड्यांचं प्रकरण वेगळंच झालं. दुधावरच्या साईच्या रंगाचे मऊसूत सैल शर्ट-पायजमे. केतकीने पाटीवर लिहिलं होतं, ‘निवांत बसण्यासाठी.’

बायका यायच्या, कापड गालाला लावून बघायच्या, "काय मऊ आहे गं!" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. शेवटी एकीने कारण सांगितलं. "बेल वाजली की दार कोण उघडणार? यावर ओढणी कुठली घेऊ?" गाऊनवर ओढणी टाकून दार उघडायचं, कुरियर घ्यायचा, कचरा द्यायचा, ही आपल्याकडची पद्धत फ्रान्सला कुणी कळवलेलीच नव्हती!

मी सुचवलं, आधी प्रयोग करू. एक जोड अनुसयाताईंना द्यावा, त्यांनी रविवारी घरी घालून बसावं आणि काय अनुभव येतो ते सांगावं. अनुसयाताई म्हणाल्या, "सर, बाई घरात बसते कवा?" पण जोड घेऊन गेल्या.

सोमवारी आम्ही दोघं वाट बघत होतो.

"बसले ना. ओट्यावर नाय, चांगली सोफ्यावर बसले, पाय वर घेऊन. पाच मिनटं झाली. सासरा आला, बोलला, बरं नाय का? मंग नवरा आला, कपालाला हात लावला. मंग शेजारची आली, बोलली, रिपोर्ट आले का? सर, ऱ्हायला बाबा तो आराम! उठले आन् भाकऱ्या टाकल्या, तवा कुठं सगल्यांना बरं वाटलं."

आम्ही खूप हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. मग घरी जाताना सहज आठवायला लागलो, की माझी बायको, जाऊन चार वर्षं झाली तिला, घरात कुठे बसायची? तिची खुर्ची कुठली होती? नेरुळ येईपर्यंत आठवलं नाही.

*

आता माझ्या विद्वत्तेचा किस्सा.

एकदा मी एक स्कर्ट उलटा करून बघितला. आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड नुसतंच दाबून ठेवलेलं. मी अनुसयाताईंना विचारलं, "हे काय?"

"मार्जिन."

"पण हे वायाच जातंय! माप अचूक घेतलंय ना? मग कापड अचूक का नको?" मी कागदावर आकृती काढून दाखवली. एवढ्या कपड्यांमागे एवढं कापड वाचेल. केतकी म्हणाली, "बाबा, राहू दे ना." पण मी आयुष्यभर मुलांना अचूकपणा शिकवलेला! शेवटी माझा मान राखायला तिने ऑफिसच्या बारा स्कर्टना मार्जिन ठेवलं नाही.

स्कर्ट सुरेख दिसत होते. सगळे गेले. नंतर गणपती आले. नंतर नवरात्र, नंतर दिवाळी.

दिवाळीनंतरच्या सोमवारी पहिली बाई आली. "जरा दोन बोटं सैल करून द्या, आत मार्जिन असेलच." अनुसयाताईंनी स्कर्ट उलटा केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्या आठवड्यात बारांपैकी नऊ जणी आल्या!

केतकीने प्रत्येकीला नवा स्कर्ट शिवून दिला. मला एक शब्द बोलली नाही. मीच शेवटी अनुसयाताईंना म्हणालो, "माझं चुकलं."

त्या म्हणाल्या, "तुमची बाटली मोजली तेवढीच ऱ्हाते सर. बाई काय बाटली हाय?"

*

हा छोटा आहे. दुकानाच्या काचेत एक पुतळा उभा असतो. एका दुपारी केतकी बँकेत, अनुसयाताई जेवायला गेलेल्या. केतकीचा फोन आला, "बाबा, पुतळ्याला तो निळा ड्रेस घालून ठेवाल?"

आता भर दुपारी, रस्त्यावरची माणसं बघत असताना, मी एका बाईचे कपडे उतरवायचे? प्लॅस्टिकची असली म्हणून काय झालं! मी शटर अर्ध्यावर ओढलं, पुतळ्याचं तोंड भिंतीकडे केलं, स्वतःचं तोंड दुसरीकडे केलं आणि चाचपडत बटणं शोधू लागलो.

पाच मिनिटांत शेजारचा स्टेशनरीवाला शटरखालून वाकून आत आला. मागे गल्लीतले आणखी दोघं. चेहरे उतरलेले.

"सर... कोण गेलं?"

माझ्या एका हातात ड्रेस होता, दुसऱ्या हातात पुतळ्याचा निखळलेला हात. मी म्हणालो, "कुणी नाही. लग्नसराईचं काम चाललंय."

*

इकडे बाकावर थाप वाढत चालली होती. मोकाशींना दर काही दिवसांनी केतकीची चौकशी करायची हौस. मोकाशी निवृत्त इंजिनियर, मितभाषी गृहस्थ, पण याच एका विषयावर बोलायचे. "काय प्रोफेसर, केतकीचं काम कसं चाललंय?" एकदा मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "प्रमोशन झालं!"

सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी मला पेढे न्यावे लागले. मोकाशींनी पेढा हातात धरला, बराच वेळ बघितला, मग खाल्ला. म्हणाले, "पोरगी हुशार आहे तुमची. कुठेही गेली तरी वर येईल."

मी माझा पेढा रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

*

आणि मग परवाचा शनिवार.

सकाळी अकराची वेळ. केतकी काउंटरवर, अनुसयाताई मशीनवर, मी हिशोबी चेहरा करून हँगर लावत होतो. काचेतून पाहिलं तर मोकाशी आणि मोकाशीवहिनी रस्ता ओलांडून थेट दुकानाकडे येत होते!

मागे दार नाही. मी समोर जागा दिसली तिथे शिरलो, म्हणजे ट्रायल रूममध्ये, आणि पडदा ओढला.

"या वहिनी," अनुसयाताईंचा आवाज आला. "निला ड्रेस बसला का बरोबर?"

"झकास बसला! म्हणून तर ह्यांना घेऊन आले. आता तो पांढरा दाखव." म्हणजे मोकाशीवहिनी इथल्या जुन्या गिऱ्हाईक होत्या!

थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "घालून बघते," आणि पावलं पडद्याकडे आली. मी भिंतीला चिकटलो.

"थांब," मोकाशी म्हणाले. "आत कुणीतरी आहे."

"कुठे? आवाज तर नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ट्रायल रूमबाहेर पाटी आहे, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात.’ पाटी मीच लिहिलेली. आणि नियम मोडायची सवय नसल्यामुळे, पळून लपतानासुद्धा मी चपला बाहेर काढून आलो होतो! नऊ नंबरच्या, डाव्या अंगठ्याशी टाका घातलेल्या. मोकाशी त्या रोज संध्याकाळी बाकाखाली बघतात.

अनुसयाताईंचं मशीन थांबलं.

"घाई करू नकोस," मोकाशी वहिनींना म्हणाले. "वर्षभर थांबलोय, आणखी पाच मिनिटं थांबू."

"वर्षभर म्हणजे, काका?" हा केतकीचा आवाज.

"अगं, ही तुझ्या दुकानात पहिल्या महिन्यापासून येते, संध्याकाळी, तुझे बाबा बाकावर असताना, ओळख न देता. बाकावर सगळ्यांना माहीत आहे. पण तुझे बाबा सांगतात तू कंपनीतच आहेस. परवा तुझ्या प्रमोशनचे पेढेही खाल्ले आम्ही. मी दर आठवड्याला विचारतो, की आज तरी सांगतील. जबरदस्ती कशी करणार?"

मला केतकीचा चेहरा दिसत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या बाईचा चेहरा मान वर करून बघावा असं वाटलं, आणि मध्ये पडदा होता.

"पेढे कसले होते?" तिने विचारलं.

"केशरी."

मग पावलं आली आणि पडद्यापाशी थांबली. खालच्या फटीतून मला तिचे दोन हात दिसले. तिने माझ्या चपला उचलल्या, फिरवल्या, आणि टाचा पडद्याकडे, अंगठे दुकानाकडे, अशा नीट जोडून ठेवल्या.

"मॅडम," ती म्हणाली, "सावकाश या."