दीड इंच आखूड बाही

बस डेपोच्या जिन्याखाली, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत त्याने एकतीस वर्षं कारकुनी केली. डेपोतले लोक त्याला गुप्तहेर म्हणत. जुन्या कृष्णधवल सिनेमांतले डिटेक्टिव्ह त्याच्या अंगात भिनले होते. त्यांचा लांब कोट तेवढा अंगावर नव्हता.

"शहर ओलं होतं," तो घराच्या दारात उभा राहून म्हणे, "आणि कुणाचाच भरवसा नव्हता."

"लादी पुसलीय. चपला बाहेर काढा," बायको म्हणे.

निवृत्तीला चार महिने उरले असताना सात नंबरच्या बसमध्ये एक कोट सापडला. राखाडी, लांब, कमरेला पट्टा. कोरा करकरीत. नियम असा, की नव्वद दिवसांत मालक आला नाही तर वस्तू कारकुनाची. पण तोवर ती अंगाला लावायची नाही आणि मालकाचा शोध घ्यायचा. दुसरा कुणी नुसता दिवस मोजत बसला असता. यालाही मालक सापडायला नको होता, तरी त्याने जीव तोडून शोध घेतला.

खिसे रिकामे होते. टेप लावली तर डावी बाही उजवीपेक्षा दीड इंच आखूड.

"डावा हात तोकडा असलेला माणूस," तो जेवताना म्हणाला. "असे लोक सावलीत राहतात."

बायकोला ठसका लागला.

तो थांब्याथांब्यावर लोकांचे हात न्याहाळू लागला. एका बाईंनी छत्री उगारली. एकोणनव्वदाव्या दिवशी एक घड्याळजी सापडला, डावा हात तोकडा.

"माझा नाही हो कोट," घड्याळजी म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात. उद्या दहाला कोट न्यायला या."

संध्याकाळी हे ऐकून बायकोच्या हातातला डाव खाली पडला.

सकाळी साडेनऊला ती काउंटरवर हजर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"वाटलंच होतं," तो म्हणाला. "अशा खोलीत शेवटी एक बाई येतेच."

"येते. आता दोन्ही हात पुढे करा."

त्याने केले. लहानपणी झाडावरून पडल्यापासून त्याचा डावा हात आखूड होता. लग्नापासून ती त्याच्या प्रत्येक शर्टाची डावी बाही दुमडून शिवत आली होती, इतकी नेमाने, की तो ते विसरूनच गेला होता.

तिने पर्समधून शिंप्याची पावती काढली. "निवृत्तीसाठी शिवून घेतला आणि बसमध्ये विसरले. म्हटलं, कशाला बोला, नव्वद दिवसांनी तुम्हालाच मिळेल. तर तुम्ही काखेत कळसा नि गावाला वळसा."

त्याने फॉर्म पुढे ओढला. "वस्तू हरवली तेव्हा आपण कुठे होता?"

"सात नंबरमध्ये. खिडकीशी."

"साक्षीदार?"

"सही कुठे करू ते सांगा."

सही करून तिने कोट घेतला आणि काउंटरवरूनच त्याला घातला. दोन्ही बाह्या बरोबर मनगटाशी थांबल्या.

दहाला घड्याळजी आला. येताना हँगर घेऊन आला होता.

"मालक सापडला," गुप्तहेर कॉलर उभी करत म्हणाला. "मोठा बिलंदर. एकतीस वर्षं याच खोलीत लपून होता."