दौंडच्या पडवीतलं पानिपत

निमोण्याचा मल्हारीमामा ठोंबरे रोज दुधाचा टेम्पो चालवायचा आणि अधूनमधून एखाद्या रविवारी दुपारी पानिपत हरायचा. अठ्ठ्याण्णवपासून दोन वर्षांत अकरा वेळा हरला. खरे मराठेसुद्धा एकदाच हरले होते.

हे पानिपत दौंडला, साहेबराव ओव्हाळांच्या पडवीत व्हायचं. साहेबराव पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पलटणीत वाळूवर डोंगर-नद्या मांडून लढाई शिकवतात, तशी त्यांनी एका जुन्या दारावर वाळू पसरली होती. मावळे दिवाळीच्या किल्ल्यातले, मातीचे. अब्दालीचे शिपाईही मावळेच, फक्त स्केचपेननं दाढ्या काढलेले. त्याचे तीन उंट रेल्वे क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांच्या नाताळच्या देखाव्यातून उसने आणलेले. डिसेंबरात ते परत द्यावे लागत, तेवढा महिना अब्दाली पायी लढायचा.

चाल मोजायला गाठी मारलेली सुतळी. पायदळाला एक गाठ, घोड्याला दोन. कोण पडलं ते ल्युडोचा फासा सांगणार. आणि भाऊंच्या फौजेबरोबर बायकापोरं, यात्रेकरू होते ना, त्यांच्या जागी शंभर चिंचोके. ते कसेबसे अर्धी गाठ सरकायचे. पहिल्याच चालीला त्यांना उचलून डबीत ठेवायची मुभा होती, म्हणजे फौज मोकळी.

मामानं ती मुभा कधी घेतली नाही. त्याच्या बापाचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मामा भर लढाईत फौजेचं रिंगण करायचा आणि चिंचोके मधे घ्यायचा.

"मल्हारी, ही फौज हाय, मेंढरं न्हाईत," सुभेदार म्हणायचे.

"म्हनून वाटंत टाकू व्हय? डबीत म्हंजी नेमकं कुठं, ते सांगा की सुभेदार. तिकडं आपलं कोन हाय?"

सुभेदार उत्तरादाखल तोफा डागायचे.

बाराव्या लढाईआधी मात्र सुभेदारच वैतागले. अब्दाली व्हायला दुसरं कोणी तयार नसल्यानं दोन वर्षं तेच अब्दाली. त्यांच्या बायको सुरेखाकाकू चहाला हाक मारतानाही आता "ओ अब्दाली" म्हणायच्या.

"या टायमाला हरलास, तर फुडचा अब्दाली तू," त्यांनी बजावलं. "मला बी एकदा आपल्या बाजूनं लढू दे की."

मामा हबकला. हरायची त्याला सवय होती. पण मल्हारी ठोंबरे आणि अब्दाली? निमोण्यात कळलं असतं तर त्याच्या टेम्पोत दूध कुणी घातलं असतं?

त्या रविवारी फासा त्याच्यावर खूश होता. लागोपाठ तीनदा सहा पडले. अब्दालीच्या वजिराची फळी फुटली आणि मामाचे घोडे अब्दालीच्या तंबूपासून दोन गाठींवर जाऊन उभे राहिले. आता एकच चाल. तेवढ्यात सुभेदारांनी तिन्ही उंट मागून चिंचोक्यांवर घातले.

मामा सुतळी हातात धरून बसला. मग त्यानं घोडे माघारी फिरवले.

"अरे गाढवा, जिंकतोयस ना!" खुद्द अब्दालीच ओरडला.

"जिकून सांगायचं कुनाला मंग? ऐकाया मानसं नगंत?"

अर्धी अर्धी गाठ करत त्यानं चौऱ्याण्णव चिंचोके पटाच्या कडेला सुखरूप पोचवले. तोवर फौज संपली. बारावं पानिपतही गेलं.

पुढच्या रविवारी मामानं टेम्पो मागच्या बोळात लावला आणि मान खाली घालून अब्दालीच्या बाजूला बसला. सुभेदारांनी शिस्तीत पहिल्या चालीला चिंचोके डबीत भरले, डबी पटाच्या कोपऱ्यात ठेवली आणि तोफा पुढं घेतल्या. मामानं डबीकडं पाहिलं. मग आपले तिन्ही उंट आणि निम्मे दाढीवाले उचलून डबीभोवती उभे केले.

"हे काय?"

"राखन. उघड्यावर हायती ती."

"आरं, तू अब्दाली हायस!"

"आसंल. म्हनून काय झालं?"

उरलेल्या निम्म्या फौजेला सुभेदारांनी तासाभरात झोपवलं. दौंडात मराठे पानिपत जिंकले. सुभेदार मिशीवरून हात फिरवत काकूंना हाक मारणार, तोवर मामा उड्या मारत चौकातून पाव किलो पेढे घेऊन आला आणि गल्लीत वाटत सुटला.

"अरे, जिंकलो मी!" सुभेदार पडवीतून ओरडले. "पेढे मी वाटायचे!"

"मंग या की लौकर," अब्दाली म्हणाला, "संपत आल्यात."