तीन शिट्ट्यांचं पथ्य

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात बत्तीस वर्षं आजाऱ्यांना मऊसूत जेवण घालून निवृत्त झालेल्या आचाऱ्याला सगळी इमारत पथ्यकाका म्हणायची. नाव प्रेमाने पडलंय, असं त्यांना वाटे. वाटू दे बापडं. आपल्या हातचं खाऊन एकही माणूस आजारी पडला नाही, असं ते छातीठोक सांगत. खाणारे मुळातच आजारी असत, एवढी बारीकशी गोष्ट तेवढी सांगायची राहून जाई.

तर अशा जाणकाराच्या हाती नातीने दोन महिन्यांची दोन गिनीपिगची पिल्लं सोपवली, एक काळी, एक तपकिरी. नऊ वर्षांची पोर महिनाभर आईबापाबरोबर परगावी निघालेली. जाताना पानभर लिहून गेली: वाळलं गवत दिवसभर पुढ्यात हवं. रोज ढोबळी मिरचीची फोड, थोडा हिरवा पाला, स्वच्छ पाणी. भाजी कच्चीच. ‘कच्चीच’खाली दोन रेघा.

पथ्यकाकांनी चष्मा लावून कागद वाचला आणि ते गालातल्या गालात हसले. भल्याभल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ज्यांनी मनातल्या मनात दुरुस्त केल्या, त्यांना ही टीचभर पोर शिकवणार!

“लेकरांची पोटं नाजूक असतात,” ते काकूंना म्हणाले. “माझ्या हातून आजवर कच्चं काही बाहेर गेलेलं नाही.”

“अहो, मूठभर जीव ते. त्यांना कुकर कशाला?”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

झालं. रोज सकाळी तीन शिट्ट्या. मिरची, पाला, सगळ्याचा गुळगुळीत लगदा, आणि वरचं हिरवं पाणी थेट मोरीत. गवत तेवढं सुटलं. म्हणजे एकदा तेही कुकरात गेलं होतं. पण दोन दिवस घराला गोठ्याचा वास येत राहिला, तेव्हा काकूंनी कुकरचं झाकणच लपवून ठेवण्याची धमकी दिली.

अठराव्या दिवशी तपकिरी उठेना. मागचे पाय ओढत इंचभर सरकली, उचलली तशी चिरकली. काकांचा चेहरा उतरला. खोक्यात टॉवेल अंथरून तिला त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“खायला काय देता?”

काकांनी सांगितलं. ‘तीन शिट्ट्या’ म्हणताना तशातही मान किंचित ताठ झाली.

“काका, या जिवांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही. रोज ताज्या भाजीतून मिळावं लागतं. तुम्ही ते रोज उकळून मोरीत ओतलंत. सांधे सुजलेत हिचे. थेंब देते, आणि आजपासून सगळं कच्चं. काळीलासुद्धा. ही उठेल असं वाटतंय, पण शब्द देत नाही.”

संध्याकाळी नेहमीप्रमाणे नातीचा फोन. “आजोबा, काय करतायत दोघी?”

“झोपल्यात,” काका म्हणाले. समोर काकू हाताची घडी घालून उभ्या. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

“म्हणजे, काळी झोपलीये,” काका काकूंकडे बघत म्हणाले. “तपकिरीला उठवत नाहीये. मी भाजी शिजवून दिली गं.”

पलीकडून बारीक आवाज, “मी लिहिलं होतं.”

“वाचलं होतं.”

“मग?”

बत्तीस वर्षांत असला प्रश्न कुणी विचारला नव्हता. “मला वाटलं, मला जास्त कळतं.”

नाक ओढल्याचा आवाज आला. मग हुकूम सुटला, “मिरचीच्या बारीक पट्ट्या करा. तोंडाजवळ धरा. ती लाजते, तिच्याकडे बघायचं नाही. अजिबात!”

तेव्हापासून पथ्यकाका दिवसातून चार वेळा जमिनीवर बसू लागले, तोंड भिंतीकडे, हात मागे, हातात मिरचीची कच्ची पट्टी. पाठीला रग लागे. थेंब चालू होतेच. पहिले दोन दिवस पट्टी तशीच सुकली. तिसऱ्या दिवशी टोक कुरतडलेलं निघालं. सहाव्या दिवशी पट्टीला हिसका बसला आणि खोलीत करकर सुरू झाली.

काकू दारातून बघत होत्या. तपकिरी चारही पायांवर उभी राहून पट्टी ओढत होती, वाकडीतिकडी, पण उभी.

“कशी खातेय, पाहिलंत का?” काकूंनी हळूच विचारलं.

“मी कसा पाहणार?” काका भिंतीलाच म्हणाले. “बघायचं नाही, असं सांगितलंय मला.”