रेघा मोजणारे दस्तगीरमामा

खुर्चीवर बसण्याआधी दस्तगीरमामा माझ्या सोनोग्राफीच्या यंत्रामागे वाकून बघत. दौंडला माझा छातीच्या विकारांचा दवाखाना नवा होता आणि मामा रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हे पोटुशी बायांचं मशीन हाय. माझ्या पाठीला कशापायी?"

पुण्याच्या सीटी स्कॅनमध्ये त्यांच्या फुप्फुसांवर व्रण दिसले होते. ते किती वाढतायत हे बघायला दर वेळी पुणं गाठायला नको, म्हणून मी पाठीवरून सोनोग्राफी करणार होते. व्रण असतील तिथे पडद्यावर पांढऱ्या उभ्या रेघा उतरतात. जितक्या दाट, तितका आजार पुढे गेलेला. कबुतरं पाळता का, असंही मी विचारलं, कारण त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं हा आजार होऊ शकतो. मामा म्हणाले, "न्हाई."

पडदा स्वतःकडे वळवून घेत त्यांनी रेघा मोजल्या. पुढच्याच आठवड्यात एसटीनं शिरूरला जाऊन, माझं नाव न सांगता, तिथल्या डॉक्टरांकडून तीच तपासणी करून घेऊन आले. आकडा जुळला, तेव्हा कुठे मी दिलेल्या गोळ्या सुरू केल्या. हे कळल्यावर मी चिडले. "राग नका धरू, बाई," मामा म्हणाले. "दुसऱ्यानं आवळलेला नट मी तपासल्याबिगर कवाच सोडला न्हाई."

सहा महिन्यांनी ते आले त्या दिवशी बाहेर खूप गर्दी होती. मी घाईघाईत तपासणी आटोपली, पण मामा शर्ट घालेनात. "मागल्या बारीला उजवीकडं खालीबी लावलं व्हतं. आज का न्हाई?"

मी ओशाळले. तिथे जेल लावून तपासलं, तर पडदा पांढराफटक. रेघा एकमेकींत मिसळून गेलेल्या. गोळ्या नियमित असताना एवढी वाढ? आता संशय मला आला. घरात पक्षी आहेत का, मी पुन्हा विचारलं.

"हायेत. बायकोची कबुतरं. ती गेली, आन् तिच्या हातचा दाणा खाल्लेली तेवढीच राहिली. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही सोडायला लावली असती."

आठवडाभरात त्यांनी ती कबुतरं मांडवगण फराट्याच्या एका ओळखीच्या माणसाला दिली. व्रण काही भरून आले नाहीत, पण रेघा वाढायच्या थांबल्या. दोन वर्षांनी मामा न्यूमोनियानं गेले.

मला मात्र कबुतरं दिल्यानंतरच्या तपासणीचे मामा आठवतात. त्या दिवशी त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

"तीन परत आली, बाई," ते म्हणाले. "दिसभर छपरावर बसून व्हती. मी दार लावून घेतलं."