बलभीम तात्यांचा ध्रुव

तेरच्या बलभीम तात्यांना वाट विचारली आणि त्यांनी सांगितली नाही, असं कधी झालं नाही. ती बरोबर निघाली, असंही फारसं झालं नाही. 'ठाऊक न्हाय' एवढं म्हणायला त्यांची जीभ रेटायची नाही. आम्ही शेजारची पोरं मुद्दाम नसलेल्या गावाचा रस्ता विचारायचो आणि तात्या तोही खुशाल सांगायचे. त्यांच्या पत्नी अयोध्याकाकू वारल्या, तेव्हा मात्र त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं, आणि त्यानंतर मला त्या खोडीचं हसू आलं नाही.

निजामाच्या अमलात, माघातल्या एका संध्याकाळी दोघांचं लग्न लागलं. भटजींनी नवरीला ध्रुव दाखवायला सांगितलं. तात्यांनी उत्तरेला मान वर केली. खरा ध्रुव पार खाली, लिंबाच्या शेंड्याआड मिणमिणत होता. त्याच्या बराच वर ब्रह्महृदयाचा ठळक तारा दिव्यासारखा पेटलेला. देवानं ज्याला अढळपद दिलं तो बारका कसा असेल? तात्यांनी ठळक ताऱ्याकडं बोट केलं. भटजींना जेवणाची घाई होती, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

काकू मात्र तो तारा दिसला की हात जोडायच्या. एकदा म्हणाल्या, हा तर सरकतो. तात्यांनी ऐकवलं, अढळ असतो तो देवाच्या दारी, आपल्या डोळ्यांना सरकल्यासारखा दिसतो. काकूंनी ते पदरी बांधून ठेवलं.

पुढं रझाकारांचा जोर वाढला. तात्यांच्या नावानं वॉरंट निघालं, तसे ते निजामाच्या हद्दीपलीकडं, पश्चिमेला बार्शीच्या बाजूला एका छावणीत गेले. घरी काकू पोटुशी आणि म्हातारी सासू. गावात राहणं धोक्याचं झालं, तेव्हा तात्यांनी एका धनगराकडून सांगावा धाडला. अंधाऱ्या पंधरवड्यात दिवेलागणीनंतर निघा, सडक टाळा, ध्रुव उजव्या खांद्याला धरून चालत राहा, हद्दीवर मी उभा आहे.

ते खरोखरच उभे होते. पहाऱ्याला छावणीतले एक मास्तर होते. तात्यांनी त्यांना मोठ्या तोऱ्यात तारा दाखवला, माझं माणूस याच्या भरवशावर येतंय म्हणून. मास्तर म्हणाले, "बलभीमराव, हा ध्रुव नव्हे. ध्रुव तो खाली, बारका. हा तर मावळतीला चाललाय."

तात्या हद्दीच्या आत धावत सुटले. मास्तरांनी त्यांना कमरेला मिठी घालून थोपवलं. आणि धावून तरी कुठं गाठणार होते?

सासूसुना पश्चिमेला जायच्या त्या सरकत्या ताऱ्याबरोबर वळत तिरक्या दक्षिणेला, धाराशिवच्या अंगाला गेल्या. मग तारा मावळला आणि त्या अंधारात चाचपडत राहिल्या. फटफटायला लागलं तेव्हा समोर शहराचा नाका आणि त्यावरचे शिपाई. माघारी पळताना काकू ओढ्यात पडल्या. पोटातलं पोर गेलं. पुन्हा कूस उजवली नाही.

निजामाचं राज्य गेलं आणि तात्या घरी आले. आल्या आल्या सांगणार होते, म्हणे. पण काकूंनी उंबऱ्यातच त्यांचे पाय धरले आणि माझ्या हातून ध्रुव सुटला, मला माफ करा, म्हणून रडल्या. तात्या गप्प राहिले. मला संताप येतो तो इथं. चूक कुणाची होत नाही? पण तिचं ओझं बायकोच्या डोक्यावर देऊन जन्मभर तिच्याच हातची भाकरी खायची?

काकू असतानाच माझ्या बहिणीचं लग्न झालं, तेही माघातच. ध्रुव दाखवायची वेळ आली आणि नवरदेव गोंधळला. म्हाताऱ्या काकू पुढं झाल्या. त्यांनी नवरीची हनुवटी वर केली आणि त्याच ठळक ताऱ्याकडं बोट केलं.

"ह्यो बघ ध्रुव, बाई. कुणाचाच मावळत न्हाय. माझ्यापुरता मावळला, माझं पाप आडवं आलं." मग तात्यांकडं वळून म्हणाल्या, "ह्योच न्हवं का वो?"

तात्या खाली, लिंबाच्या शेंड्याआडच्या बारक्या ताऱ्याकडं बघत होते.

"व्हय," ते म्हणाले, "त्योच."