पंधरा अक्षरांचा शब्द

मॅट्रिकला इंग्रजीत मी काठावर पास झालो आणि त्याच दिवसापासून निजामपुऱ्यातला इंग्रजीचा जाणकार म्हणून मिरवू लागलो. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आमच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटामुळे माणसं एकमेकांशी ओरडून बोलत. माझं इंग्रजी कुणाला नीट ऐकू जात नसे, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

नाक्यावरच्या सलूनमध्ये मुंबईचं एक इंग्रजी साप्ताहिक यायचं, कुणीतरी वाचून टाकलेलं, महिनाभर शिळं. त्याच्या शेवटच्या पानावर चार अक्षरं दिलेली असत. ती चारही ज्यात येतात असा लांबातला लांब इंग्रजी शब्द शोधून पाठवायचा, अशी स्पर्धा. अंक माझ्या हाती पडेपर्यंत तिची मुदत कधीच संपलेली असे. तरी मी मधली पानं गळालेली डिक्शनरी मांडीवर घेऊन शोधत बसायचो आणि सापडलेला शब्द दाढीला आलेल्या गिऱ्हाइकांना मोठ्याने ऐकवायचो. तोंडाला फेस लावलेला माणूस वाद घालत नाही. त्यामुळे मी एकदाही हरलो नाही.

बाबांना या सगळ्याचं भारी कौतुक. ते वज्रेश्वरीकडच्या खेड्यातून आलेले, सहीपुरतं शिकलेले, पण राच भरण्यात वस्ताद. नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा गुंडाळलेला रूळ, लूमवर चढवण्याआधी त्यातला एकेक धागा राचेच्या बारीक छिद्रातून ओवून घ्यावा लागतो, त्याला राच भरणं म्हणतात. दोन माणसांचं काम. एकाने मागे बसून धागे मोजून पुढे द्यायचे, दुसऱ्याने ते तारेच्या आकड्याने ओढायचे. ओढणारा मोजत नाही. मोजणी सगळी मागच्याची.

बाबांनी माझी कीर्ती शेठच्या कानावर घातली. शेठचं घराणं कोकणी मुसलमानांचं, कारखाना वडिलांपासूनचा. "पोरगा इंग्लिशमधला लांब लांब शब्द शोधून काढतो शेठ. लय हुशार हाय." शेठना ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिणारा माणूस हवाच होता. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हुशारी ठीक आहे, पण ध्यान कुठे असतं तुझं? महिनाभर बापासमोर बस, धागे दे. एक पण गलती नाही झाली, तर पहिल्या तारखेपासून ऑफिसची खुर्ची तुझी."

खुर्ची म्हटल्यावर मी हवेतच गेलो. दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट इन करून धागे द्यायला बसू लागलो. धाग्यांना त्याचं काही नव्हतं.

पंचवीस दिवस बिनचूक पार पडले. सव्विसाव्या दिवशी सकाळी सलूनमध्ये नवा, म्हणजे जुनाच, अंक आला. अक्षरं होती के, डब्ल्यू, जी आणि एम. ती डोक्यात घोळवतच मी कामावर बसलो. बीम पट्ट्यांच्या कापडाचा होता. बारा पांढरे धागे, मग चार निळे, पुन्हा बारा पांढरे, असं अगदी सोपं. जेवणाची सुट्टी व्हायच्या थोडं आधी मला शब्द सापडला, अ‍ॅक्नॉलेजमेंट! त्याची लांबी मोजायला बोटं मोकळी नव्हती, म्हणून धाग्यांवर मोजली. एका अक्षराला एक धागा, असे पंधरा. आनंद पोटात मावेना, म्हणून बाबांना सांगितलं.

"पंधरा अक्षरं? शाबास!" बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढचा धागा मागितला.

त्या पट्ट्यात बाराऐवजी पंधरा पांढरे धागे गेले होते. लूमवर कापड निघालं तेव्हा ते दिसलं. मधोमध एक पट्टा रुंद, त्याच्या शेजारचा अरुंद, आणि ते सरळ शेवटपर्यंत तसंच. शेठ कापड घेऊन आमच्यासमोर उभे राहिले.

"भाऊ, तुमच्या हातचं काम आणि असं? गलती कुणाची, देणाऱ्याची की ओढणाऱ्याची?"

मी त्या पट्ट्यातले धागे मनात मोजले, पंधराच भरले. एवढाले लांब शब्द काढणाऱ्या माझ्या तोंडून 'मी' एवढंसुद्धा निघेना. खुर्ची चार दिवसांवर आली होती.

बाबांनी कापड हातात घेतलं, पट्ट्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यानं बरोबर दिलं शेठ. मीच वरखाली ओढलं. डोळ्यांना हल्ली धड दिसत न्हाय."

शेठनी कापडाची घडी घातली. मग म्हणाले, "डोळे गेले तर राच कशी भरणार भाऊ? आता कांड्या भरत जा."

कांड्या भरणं म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, दोन दिवसांत कुणालाही यावं असं काम. तिथे वस्ताद जाऊन बसला. पहिल्या तारखेला मी खुर्चीवर बसलो.

माझं पहिलं काम होतं मुंबईहून आलेल्या एका पत्राची पोच लिहिण्याचं. म्हणजे तोच पंधरा अक्षरांचा शब्द. तो मी झोकात, बिनचूक लिहिला. समोरच्या खिडकीतून बाबा कांड्या भरताना दिसत, म्हणून डोळ्यांवर ऊन येतं असं सांगून मी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. ती खिडकी उत्तरेची होती.

मनाची समजूतही घालून ठेवली होती. बाबांचे डोळे खरोखरच गेले असतील, निदान निम्मी चूक त्यांची असेल. एवढंच नाही, मोठ्या मनाने मी त्यांना चष्मा करून देण्याचं कबूल केलं. "बघू," ते म्हणाले.

एका रविवारी दिवेलागणीला आई माझ्या ऑफिसच्या शर्टाचं बटण लावायला बसली. सुईत दोरा जाईना. मी घेऊन पाहिला, मलाही जमेना. पलीकडून बाबांनी हात पुढे केला, सुई डोळ्यांजवळसुद्धा न नेता एका दमात दोरा ओवला आणि ती आईच्या हातात दिली.

मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी हौसेने विचारलं, "नवा शब्द सापडला का रं?"

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. "नाही," मी म्हणालो आणि आईच्या मांडीवरचा शर्ट ओढून घेऊन, तसाच बटणाशिवाय अंगात घालून बाहेर पडलो.